सामायिक फाईल-व्यवस्था

सामायिक फाईल-व्यवस्था : एका कार्यालयातील वा कारखान्यातील अनेक संगणकांना एकाच ठिकाणी साठविलेल्या फाईली वापरता याव्यात, यासाठी केलेली योजना. त्यासाठी वापरण्यात येणारे साठवणयंत्र व्यवहारात ‘नास’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. हे यंत्र म्हणजे दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसविलेला, पडदा व कळफलक नसलेला, स्थानिक नेटवर्कला तारेने जोडलेला एक लहान संगणकच होय. यंत्र बसविणे हे तासाभराचे काम आहे. कोणत्या व्यक्तीने कोणती फाईल पाहावी व कोणती बदलावी हे ठरविणे मात्र विचाराचे काम असून यंत्राची उपयुक्तता व धोका ही दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

संगणकांनी परस्परांच्या फाईली मागण्याच्या व देण्याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. त्यांपैकी एसएमबी हा प्रोटोकॉल आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबाउम यांनी १९८३ च्या सुमारास तयार केला. पुढे विंडोज प्रणालीने तो स्वीकारल्यामुळे तो सर्वत्र रूढ झाला. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ मध्ये युनिक्स संगणकांसाठी एनएफएस हा प्रोटोकॉल आणला. ऑस्ट्रेलियातील अँड्रयू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये लिहिलेल्या ‘सांबा’ या मुक्त आज्ञावलीमुळे युनिक्स कुळातील यंत्रांनाही एसएमबीचे नियम पाळता येऊ लागले. आजच्या बहुतेक छोट्या साठवणयंत्रांत हीच आज्ञावली काम करते.

अशा यंत्राची गरज व त्यातील अडचणी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर या पट्ट्यातील लहान उद्योगांच्या उदाहरणाने स्पष्ट होतील. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या, लष्करी छावणीतील वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे जीन्सची शिलाई हा मोठा व्यवसाय आहे. अंबरनाथ व बदलापूर येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रांत रासायनिक, औषधी व अभियांत्रिकी कारखाने आहेत. जीन्स शिवणाऱ्याचे भांडवल म्हणजे निरनिराळ्या मापांच्या कापणीच्या पॅटर्नच्या फाईली. सुटे भाग बनविणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याची रेखाचित्रे. औषध कारखान्यास प्रत्येक घाणीची नोंद राखावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित अनुसूची ‘एम’मध्ये तर संगणकीय प्रणालींचाही विचार केलेला आहे. अशी नोंद कोणीही बदलू शकत असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

मांडणीचा योग्य क्रम असा : प्रथम कामानुसार गट करावेत, नंतर गटांच्या कामानुसार फोल्डर करावेत आणि शेवटी गटांना परवानग्या द्याव्यात. व्यक्तीला थेट परवानगी देण्याचे शक्यतो टाळावे. उदा., शिलाई कारखान्यात ‘रचना’, ‘कापणी’ व ‘हिशेब’ असे तीन गट असल्यास पॅटर्नच्या फोल्डरमध्ये रचना गटास वाचन व लेखन, कापणी गटास केवळ वाचन आणि हिशेब गटास प्रवेशबंदी असावी. कापणी करणाऱ्याला पॅटर्न उघडून छापता आला, की त्याचे काम भागते. त्याच्याकडून चुकून एक रेषा सरकून फाईल जतन झाली, तर पुढचा सगळा माल त्याच चुकीने कापला जातो.

परवानग्यांचे दोन थर असतात, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. एक थर नेटवर्कवरून दिसणाऱ्या सामायिक फोल्डरचा व दुसरा आतल्या प्रत्येक फोल्डरचा व फाईलीचा. वापरणाऱ्यास या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल, ती परवानगी लागू होते. एकाच थरात मात्र व्यक्ती दोन गटांत असल्यास परवानग्यांची बेरीज होते. केवळ स्पष्ट मनाई इतर सर्वांवर मात करते. ‘परवानगी दिली, तरी फाईल उघडत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा या दोन थरांत सापडते. तिच्यावर घाईने केला जाणारा उपाय, म्हणजे ‘सर्वांना पूर्ण अधिकार’ हा पर्याय निवडणे, हा मूळ दोषापेक्षा वाईट. एकदा दिलेली अशी मुभा सहसा कोणी काढून घेत नाही. व्यवस्थापकाच्या खात्यातून केलेली चाचणीही निरुपयोगी असते. कापणी गटातील सामान्य खात्याने प्रवेश करून फाईल खोडण्याचा प्रयत्न करून पाहावा.

एनएफएसच्या साध्या रूपात यंत्र व्यक्तीची ओळख पटवीत नाही. संगणकाचा पत्ता व त्याने कळविलेला वापरकर्ता-क्रमांक यांवर विश्वास ठेवते. म्हणून तेथे परवानगी मोजक्या पत्त्यांनाच द्यावी.

जुनी यंत्रे हा या पट्ट्यातील कारखान्यांपुढचा खरा पेच आहे. कापणीच्या वा धातुकामाच्या यंत्राला जोडलेला जुना संगणक कित्येकदा एसएमबीची पहिली आवृत्तीच जाणतो. यंत्र लाखो रुपयांचे असल्याने ते बदलता येत नाही. त्या एकासाठी सर्व नेटवर्कवर ही आवृत्ती चालू ठेवणे धोक्याचे ठरते. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने तिच्यातील दोषाचाच फायदा घेतला होता, आणि त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झालेली होती. अशा जुन्या यंत्रासाठी नेटवर्कचा वेगळा भाग करून त्यात केवळ वाचनापुरता एक फोल्डर ठेवणे इष्ट.

खंडणीखोर आज्ञावली ज्या खात्यातून शिरते, त्या खात्याला जेथे लेखनाची परवानगी असते, त्या सर्व फाईली ती कुलूपबंद करू शकते. लेखनाची प्रत्येक परवानगी म्हणजे संभाव्य हानीचे माप होय. मार्च २०२१ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्याच संगणकयंत्रणेवर अशा आज्ञावलीचा हल्ला होऊन कामकाज विस्कळित झाले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने इंटरनेटवर थेट उघडी ठेवलेली साठवणयंत्रेच लक्ष्य केली. घरून काम करणाऱ्यांसाठी राउटरमध्ये सरळ वाट उघडण्याऐवजी सांकेतिक बोगद्याची, म्हणजे व्हीपीएनची, सोय करावी, ती याचसाठी.

दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणाऱ्या रेड योजनेमुळे डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. पण खोडलेली फाईल दोन्हींवरून एकाच वेळी जाते. त्यावर ठरावीक वेळाने टिपलेल्या, सामान्य खात्याला बदलता न येणाऱ्या स्नॅपशॉटचा उपयोग होतो. तेही त्याच यंत्रात असल्याने एक प्रत अन्यत्र हवी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी या पट्ट्यातील वस्त्यांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तळमजल्यावरील गाळ्यात यंत्र व त्याची प्रत शेजारी शेजारी ठेवणाऱ्याने या तारखा लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

कोणी केव्हा कोणती फाईल उघडली, याची नोंदवही यंत्रात चालू करता येते. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना अशा नोंदी १८० दिवस राखण्यास व सायबर घटना सहा तासांत कळविण्यास सांगितले आहे. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. सर्वांनी मिळून एकच नाव व पासवर्ड वापरणाऱ्या कारखान्यात मात्र बंद करण्यासारखे खातेच नसते आणि नोंदवहीत दर ओळीला तेच एक नाव येत राहते.