वखारीतील उचलयंत्रे आणि भाराचा गुरुत्वमध्य

वखारीत माल हलविणाऱ्या यंत्रांचे वर्गीकरण बहुधा त्यांच्या उचलशक्तीनुसार केले जाते. परंतु यंत्र किती किलोग्रॅम उचलते याइतकेच, तो भार यंत्राच्या टेकूपासून किती अंतरावर राहतो हेही पाहावे लागते.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया पॅलेट हा होय. ठोकळ्यांवर फळ्या ठोकून केलेल्या या बैठकीच्या पोकळीत यंत्राचे दोन चपटे सुळे शिरतात. यूरोपात १९६१ साली पॅलेटांच्या अदलाबदलीची व्यवस्था सुरू झाली, तिचे माप ८०० × १२०० मिलिमीटर आहे.

सर्वांत साधे साधन म्हणजे हातपॅलेट ट्रक. दांडा खालीवर केला की तेलाच्या दाबाने सुळे जमिनीपासून सुमारे २०० मिलिमीटर उंचीपर्यंत चढतात. भार चाकांच्या वरच राहत असल्याने तो उलटण्याची भीती अल्प असते. मात्र ज्या पॅलेटाला खालूनही सलग फळ्या ठोकलेल्या असतात, तेथे सुळ्यांची चाके जमिनीवर टेकूच शकत नाहीत. खरेदीच्या वेळी ही क्षुल्लक वाटणारी बाब हटकून नजरेतून सुटते.

फोर्कलिफ्टची गोष्ट निराळी. तिचा भार चाकांच्या पुढे लोंबकळतो. पुढील आस हा तरफेचा टेकू, आणि मागील बाजूचे लोखंडी वजन हा प्रतिभार. समजा, यंत्राच्या पाटीवर ५०० मिलिमीटर अंतरासाठी १५०० किलोग्रॅम अशी नोंद आहे, आणि सुळ्यांचा उभा भाग आसाच्या ४०० मिलिमीटर पुढे आहे. म्हणजे भाराचे आसापासूनचे अंतर ९०० होते. यूरोपीय पॅलेट आखूड बाजूने उचलल्यास गुरुत्वमध्य सुळ्यांवर ६०० मिलिमीटरवर जातो. आता तेच परिबल १३५० किलोग्रॅमनेच पुरे होते. १४०० मिलिमीटर लांबीच्या पेटीसाठी ही मर्यादा १२२७ किलोग्रॅमपर्यंत उतरते. चालक मात्र पाटीवरचा आकडाच लक्षात ठेवतो, आणि मागची चाके उचलली गेली की सुकाणूच हातचे जाते.

याशिवाय, मागील आस बहुधा मध्यबिंदूवर झुलता असतो. त्यामुळे चार चाके असूनही यंत्राचा आधार त्रिकोणी असतो. भार उंच चढविलेला असताना वेगाने वळल्यास यंत्र कुशीवर पडते. म्हणून वाहतूक करताना सुळे जमिनीलगत ठेवावेत व चढउतारावर भार नेहमी चढाच्या बाजूस असावा. रीच ट्रकमध्ये मास्ट मागे सरकून भार पायांच्या दरम्यान येतो. त्यास अरुंद वाटही पुरते.

या यंत्रांची मनुष्याच्या भारवहनाशी तुलना अपरिहार्य आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोग्रॅमवर आणण्याची शिफारस केली. आपल्याकडे मात्र १०० किलोग्रॅमचे पोते पाठीवर घेण्याची रूढी होती. माथाडी व हमाल यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. तथापि ज्या मालमोटारीत पोती सुटी भरली जातात, तेथे पॅलेट वखारीच्या दाराशीच थांबते, आणि पुढील चार पावले पोते पाठीवरूनच जाते.