दुहेरी काच आणि थंड इमारत : एक चिवट गैरसमज

खिडक्यांना दुहेरी काच बसवली की इमारत थंड राहते आणि वातानुकूलनाचे वीजबिल उतरते, हा समज भारतातील वास्तुरचनाकार, विकासक आणि ग्राहक यांच्या मनात इतका घट्ट रुजला आहे की ऊर्जा-सिम्युलेशन करणाऱ्यांपुढेही पुष्कळदा ‘एकेरीऐवजी दुहेरी काच घेतली तर बचत किती?’ एवढाच प्रश्न ठेवला जातो. ऊर्जा-सिम्युलेशन म्हणजे संगणकावर इमारतीची प्रतिकृती रचून, त्या शहराच्या हवामानाची वर्षाच्या ८,७६० तासांची माहिती तिला पुरवून, प्रत्येक तासाला किती उष्णता आत येते, किती बाहेर जाते आणि यंत्रणेला किती वीज लागते याचा हिशेब मांडणे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे ‘एनर्जीप्लस’ हे सॉफ्टवेअर हा हिशेब चोख करते. परंतु प्रश्नच तावदानांच्या संख्येचा विचारला, तर उत्तर दिशाभूल करणारे मिळते.

काचेची ऊर्जाविषयक ओळख तीन आकड्यांनी होते. पहिला यू-मूल्याचा : आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर काचेतून किती वॉट उष्णता वाहते, हे तो सांगतो. दुसरा सौर उष्णता लाभ गुणांकाचा, म्हणजे एसएचजीसीचा : काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेचा कितवा हिस्सा उष्णतेच्या रूपाने आत पोहोचतो, हे त्यावरून कळते. तिसरा दृश्य प्रकाश पारगम्यतेचा, म्हणजे व्हीएलटीचा : डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा किती भाग आत येतो, हे तो दाखवतो. दुसरे तावदान बसवल्याने पहिला आकडा निम्म्यावर येतो, परंतु काच साधी आणि पारदर्शक असेल तर दुसरा फारसा हलत नाही. सारा घोटाळा याच ठिकाणी होतो.

मुंबईतील कार्यालयाची दहा चौरस मीटरची पश्चिमेकडील खिडकी घेऊन हिशेब करून पाहावा. बाहेर ३४ अंश, आत २४ अंश आणि काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन, अशी उन्हाळी दुपार धरली, तर ५.८ यू-मूल्य आणि ०.८२ एसएचजीसी असलेल्या साध्या एकेरी काचेतून तापमानातील फरकामुळे ५८० वॉट, तर उन्हामुळे ४,१०० वॉट उष्णता आत येते. साधी दुहेरी काच (यू-मूल्य २.८, एसएचजीसी ०.७०) बसवली की पहिला भाग २८० वॉटवर उतरतो, पण उन्हाचा भाग ३,५०० वॉट राहतो आणि एकूण बेरीज ३,७८० वॉट होते. याउलट ५.६ यू-मूल्य आणि ०.३५ एसएचजीसी असलेली, सौर नियंत्रणाचा लेप दिलेली एकेरीच काच घेतली, तर बेरीज २,३१० वॉटच भरते. म्हणजे ऊन अडवणारे एक तावदान ऊन आत सोडणाऱ्या दोन तावदानांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरते. दुहेरी काचेलाच असा लेप असेल (यू-मूल्य १.७, एसएचजीसी ०.२७), तर बेरीज १,५२० वॉटवर येते, मात्र त्यातील बचतीचा मोठा वाटा लेपाचा असतो, तावदानांच्या संख्येचा नव्हे.

ज्यांना या आकडेमोडीबद्दल शंका असेल त्यांनी ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता पाहावी. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत उष्ण-शुष्क, उष्ण-दमट आणि संमिश्र हवामानासाठी यू-मूल्याची कमाल मर्यादा ३.० आहे, तर उत्तरेखेरीज अन्य दिशांच्या खिडक्यांसाठी एसएचजीसीची मर्यादा ०.२७ आहे. साधी दुहेरी काच पहिल्या कसोटीवर जेमतेम उतरते आणि दुसरीवर सपशेल नापास होते. तरीही ‘दुहेरी काच’ या दोन शब्दांवर खरेदीचे निर्णय व्हावेत, हे खेदजनक आहे.

दुहेरी काचेची ख्याती थंड देशांत निर्माण झाली आणि तिथे ती रास्तच आहे, कारण बाहेर शून्याखाली आणि आत वीस-एकवीस अंश अशी दरी रात्रंदिवस महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे यू-मूल्याचा प्रत्येक अंशभाग मोलाचा ठरतो. मुंबईचे वर्षभराचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश असते, म्हणजे २४ अंशांवर ठेवलेल्या कार्यालयाशी त्याचा सरासरी फरक तीन अंशांचाच. शिवाय माणसे, दिवे आणि संगणक यांची उष्णता जिथे सतत साठते, तिथे सौम्य हवामानात आणि रात्री ती बाहेर जाऊ देणे हिताचे असते. अतिरिक्त उष्णतारोधन ही वाट अडवते. मासोसो आणि ग्रोब्लर यांनी २००८ साली ‘एनर्जी अँड बिल्डिंग्ज’ या नियतकालिकात बोत्स्वानातील कार्यालयीन इमारतीच्या सिम्युलेशनमधून भिंतींच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते, की विशिष्ट परिस्थितीत रोधन वाढवल्याने ऊर्जावापर वाढतो. काचेलाही हाच नियम लागू होतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकाली काढता येतात.

‘काच जितकी गडद, तितकी खोली थंड’ हे खरे नाही : सूर्याच्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग अदृश्य अवरक्त किरणांत असतो, गडद काच शोषलेल्या उष्णतेचा काही अंश आत सोडते, आणि प्रकाश घटल्याने दिवे लावावे लागतात. उजेडानुसार दिवे मंद करणारे नियंत्रण प्रतिकृतीत दाखवले नसेल, तर सॉफ्टवेअर हा तोटा मोजतच नाही आणि अंधारी काच विनाकारण विजयी ठरते.

‘शेडिंग कोएफिशंट आणि एसएचजीसी एकच’ हेही चूक आहे : पहिल्याला साधारण ०.८७ ने गुणल्यावर दुसरा मिळतो.

‘लेप कोणत्या पृष्ठभागावर आहे याने फरक पडत नाही’ असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की बाहेरून मोजता दुसऱ्याऐवजी तिसऱ्या पृष्ठभागावर लेप दाखवला तर यू-मूल्य जवळपास तेच राहते, पण एसएचजीसी वाढतो.

‘आरगॉन वायू भरला की मोठी बचत’ ही अपेक्षाही फोल आहे : यू-मूल्यात त्याने सुमारे ०.२ ते ०.३ चा फरक पडतो, म्हणजे दहा अंशांच्या फरकाला दर चौरस मीटरमागे दोन-तीन वॉट.

‘माहितीपत्रकातील यू-मूल्य हेच खिडकीचे यू-मूल्य’ नव्हे : तो आकडा बहुधा काचेच्या मध्यभागाचा असतो आणि ॲल्युमिनियमची चौकट तो बिघडवते.

‘तीन आकडे भरले की काम झाले’ असेही नाही : छापील एसएचजीसी काटकोनात पडणाऱ्या उन्हासाठी असतो आणि तिरप्या उन्हात, विशेषतः साठ अंशांपलीकडे, तो झपाट्याने घसरतो, म्हणून अंतिम तुलनेसाठी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या ‘विंडो’ या प्रणालीतून थरनिहाय माहिती घेणे योग्य.

‘कमी एसएचजीसी सर्वत्र उत्तम’ हा समज लेहमध्ये खोटा ठरतो, कारण तिथे हिवाळ्यातील ऊन हवेच असते आणि संहितेनेही थंड हवामानासाठी ही मर्यादा ०.६२ ठेवली आहे.

‘सिम्युलेशनचा आकडा म्हणजे पुढच्या वर्षीचे बिल’ ही समजूतही सोडावी : हवामानाची फाइल नमुनादाखल वर्षाची असते, त्यामुळे निष्कर्ष पर्यायांच्या परस्पर तुलनेसाठी वापरावा.

म्हणून काच निवडणाऱ्याने पुरवठादाराकडे तावदाने किती हे विचारण्याआधी एसएचजीसी, व्हीएलटी आणि चौकटीसह यू-मूल्य हे तिन्ही आकडे लेखी मागावेत, आणि सिम्युलेशन करणाऱ्याने सौर नियंत्रणाची एकेरी काच व छज्जा हा पर्याय तुलनेत घेतल्याशिवाय अहवाल देऊ नये. उष्ण प्रदेशात आधी ऊन अडवायचे असते. दुसऱ्या तावदानाचा विचार त्यानंतरचा.