चिलखती प्राणी : खवले मांजर आणि आर्मडिलो

नगर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला म्हणजे त्याचे दोन भाग सहज डोळ्यांत भरतात. पश्चिमेस अकोले तालुक्यांत कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांची रांग, धुवांधार पाऊस आणि दाट झाडी. पूर्वेस पाथर्डी-जामखेडकडे उघडे माळ, मुरमाड जमीन आणि पावसाची वाट पाहणारीं पिकें. एकांत राहणारा वन्य प्राणी दुसऱ्यांत सुखानें नांदेल असें सहसा वाटत नाहीं. खवले मांजराची गोष्ट मात्र निराळी. घाटांतील अरण्य आणि देशावरील खुरटें रान हीं दोन्हीं त्याला मानवतात. कारण त्याला हव्या असतात त्या मुंग्या व वाळवी, आणि बीळ खणण्याजोगी जमीन. या वस्तूंची महाराष्ट्रांत कोठेंच वाण नाहीं.

तरीही हा प्राणी प्रत्यक्ष पाहिलेले लोक श्रोत्यांपैकीं फार थोडे निघतील. तो दिवसां बिळांत झोपतो, आंत शिरल्यावर बिळाचें तोंड मातीनें बुजवून घेतो आणि रात्रीं एकटाच बाहेर पडतो. त्याची दृष्टि मंद असते, पण घ्राणेंद्रिय तीक्ष्ण. वारुळाचा वास लागला कीं पुढच्या पायांच्या तीन मोठ्या नख्यांनीं तो तें फोडतो व लांब, चिकट जीभ आंत घालतो. तोंडांत एकही दांत नाहीं. भक्ष्य पोटांतच दळलें जातें आणि त्यासाठीं तो बारीक खडे गिळतो. कोंबडीच्या पोटांतील जातें येथें एका सस्तन प्राण्यानें उचललें आहे म्हणा ना! खातांना मुंग्यांनीं आंत शिरूं नये म्हणून नाक व कान मिटून घेण्याचीही सोय त्याच्यापाशीं आहे.

पूर्ण वाढलेल्या नराचें वजन दहा ते सोळा किलोपर्यंत भरतें. पाठ, बाजू व शेपूट यांवर कौलांप्रमाणें एकावर एक चढलेले खवले असतात. पोट तेवढें मऊ राहतें. हे खवले माशाच्या खवल्यांसारखे नव्हेत. आपलीं नखें, गाईचीं शिंगें ज्या पदार्थाचीं बनलेलीं असतात त्याच केराटिनाचे ते असतात. संकट आलें कीं हा प्राणी पोट आंत घेऊन चेंडूसारखा वळतो व वरून शेपटीचा विळखा घालतो. ‘पँगोलिन’ हें त्याचें इंग्रजी नांवही वळणारा अशा अर्थाच्या मलायी शब्दावरून आलेलें आहे. मादीला बहुधा एका वेळीं एकच पिलूं होतें. जन्मतः त्याचे खवले मऊ असतात आणि पुढें तें आईच्या शेपटीवर बसून हिंडतें.

दक्षिण अमेरिकेंतला आर्मडिलो हा या प्राण्याचा भाऊबंद असावा, असें चित्र पाहून कोणालाही वाटेल. तोही चिलखती, तोही नख्यांनीं जमीन उकरणारा आणि किडे-मुंग्यांवर उपजीविका करणारा. परंतु दोघांचीं कुळें निराळीं आहेत. आर्मडिलोचें चिलखत कातडींत तयार झालेल्या हाडांच्या पट्ट्यांचें असतें. आणि पुरतें चेंडूसारखें वळणें त्याच्या अनेक जातींपैकीं केवळ तीनपट्टी जातींनाच साधतें. उलट आनुवंशिक परीक्षणावरून असें ठरलें आहे, कीं खवले मांजराचे जवळचे आप्त म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल हा मांसाहारी वर्ग. तेव्हां मराठी माणसानें त्याला मांजर म्हटलें तें अगदींच वावगें नव्हे!

नऊपट्टी आर्मडिलोनें वैद्यकाच्या इतिहासांत जें स्थान मिळविलें तें विलक्षण आहे. हान्सेननें १८७३ सालीं कुष्ठरोगाचे जंतु शोधून काढले. पण प्रयोगशाळेंतील कृत्रिम अन्नावर ते आजतागायत वाढवितां आलेले नाहींत. त्यांना थंड शरीर मानवतें, आणि या आर्मडिलोचें शारीरिक तापमान बहुतेक सस्तन प्राण्यांहून कमी असतें. १९७१ मध्यें कर्कहायमर व स्टॉर्स यांनीं त्याच्या शरीरांत हा रोग उत्पन्न करून दाखविला. पुढें आर्मडिलोपासून मिळविलेल्या मृत जंतूंची लस दक्षिण भारतांतील चाचण्यांतही वापरली गेली. रानांतल्या आर्मडिलोंतही हा रोग आढळतो; मूळचा तो युरोपीयांबरोबर अमेरिकेंत गेला असावा असें मानतात. म्हणजे माणसानें दिलेलें दुखणें प्राण्यानें जपून ठेवलें, आणि २०११ मध्यें दक्षिण अमेरिकी संस्थानांतील कांहीं रुग्णांना तें त्याच्याकडूनच परत मिळाल्याचें सिद्ध झालें. शागस रोगाचे परजीवीही आर्मडिलोंत असल्याचें स्वतः कार्लोस शागस यानें दाखविलें होतें.

खवले मांजराचे परजीवी निराळे. अँब्लिओमा जावानेन्से नांवाची गोचीड त्याच्या खवल्यांच्या सांध्यांत दडून रक्त पिते. २०२० मध्यें चीनमध्यें तस्करांकडून जप्त केलेल्या मलायी खवले मांजरांत करोना वर्गाचे विषाणु आढळले, तेव्हां जगभर या प्राण्याविषयीं भीति पसरली. परंतु हे प्राणी रानांतून ओढून, पिंजऱ्यांत कोंबून, माणसांच्या गर्दींत आणले होते, हें त्या भीतींत बहुतेकांच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

चेंडू होण्याची ही युक्ति वाघ-बिबट्यापुढें चालते, माणसापुढें चालत नाहीं. वळून पडलेला प्राणी पळत नाहीं. तो पोत्यांत भरून नेतां येतो. खवल्यांत औषधी गुण आहेत, त्यांची अंगठी बाधा टाळते, अशा समजुतींमुळें त्याची शिकार होते. नखाच्या चूर्णानें जो गुण येईल तोच खवल्यानें येईल, इतकेंच शास्त्र याविषयीं सांगूं शकतें. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्याला पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें आहे. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेंत त्याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी झाली. २०२० मध्यें चीननेंही आपल्या अधिकृत औषधकोशांतून हे खवले वगळले. कोंकणांत चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था गांवोगांव जाऊन या प्राण्याच्या रक्षणाचें काम करीत आहे. वर्षाकांठीं एखादेंच पिलूं होणाऱ्या प्राण्यांत एका मादीची हानि भरून निघण्यास किती काळ लागेल याचा हिशेब कठीण नाहीं.

असा प्राणी विहिरींत पडलेला किंवा वाट चुकून अंगणांत आलेला आढळल्यास त्याला दूध-भात घालून पाळण्याचा मोह होतो. तें करूं नये. मुंग्या-वाळवीवाचून तो बंदिवासांत सहसा जगत नाहीं. कुत्रीं दूर बांधावीं, त्याला न हाताळतां वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनि-क्रमांकावर कळवावें, आणि माणसें येईपर्यंत त्याच्याभोंवतीं गर्दी होऊं देऊं नये.