नेमदर्शकाविना नेम

चेन्नईच्या दक्षिणेस, समुद्रकाठी, मामल्लपुरम् येथे सातव्या शतकात पल्लव राजांच्या आश्रयाने खडकात कोरलेली लेणी आहेत. त्यांतील एका शिल्पपटात सिंहावर आरूढ झालेली अष्टभुजा देवी हाती धनुष्य घेऊन महिषासुरावर चालून जाताना दाखविली आहे. तमिळ देशातील चेर राजांचे राजचिन्हच धनुष्य होते. चेंगम परिसरातील वीरगळांवरही धनुर्धारी वीर आढळतात. या जुन्या धनुष्यांवर नेम धरण्याचे कोणतेही उपकरण नसे. मग बाण लक्ष्यावर जाई तो कशाच्या आधारे? ही दैवी देणगी होती, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते एक साधे भूमितीचे गणित असून कोणाही विद्यार्थ्यास ते शिकता येते.

प्रथम धनुष्याचा विचार करू. ज्या धनुष्याची दोन्ही टोके धनुर्धराच्या विरुद्ध दिशेस वळलेली असतात, त्यास रिकर्व्ह म्हणतात. दोरी ओढू लागताच या धनुष्याचा विरोध लवकर वाढतो, परंतु शेवटी तो एकदम असह्य होत नाही. त्यामुळे सारख्याच ओढीत साध्या धनुष्यापेक्षा अधिक शक्ती साठविता येते. आजच्या स्पर्धांमध्ये नेमदर्शक नसलेल्या धनुष्याचा ‘बेअरबो’ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. दोरी उतरविलेले असे धनुष्य १२.२ सेंटीमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार गेले पाहिजे, असा नियम आहे. लांब दांड्या व इतर जोड-उपकरणे त्यामुळे आपोआप वर्ज्य ठरतात.

आता बाणाकडे वळू. नवशिक्याच्या धनुष्यातून बाण सेकंदाला ४५ मीटर वेगाने सुटतो असे धरू. १८ मीटरांवरील लक्ष्य गाठण्यास त्याला ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या काळात गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे ७८ सेंटीमीटर खाली येतो. ९ मीटरांवर ही घट केवळ २० सेंटीमीटर असते. अंतर दुप्पट झाले की घट चौपट होते. म्हणूनच अंतराचा अंदाज हा या विद्येचा अर्धा भाग होय.

उरलेला अर्धा भाग धनुर्धराच्या चेहऱ्यावर असतो. दोरी पूर्ण ओढल्यावर बोटे दर खेपेस चेहऱ्यावरील एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ तर्जनी ओठाच्या कोपऱ्याशी, टेकली पाहिजेत. बाणाची खाच तेथेच असते, आणि डोळा तिच्या सुमारे ७ सेंटीमीटर वर असतो. बंदुकीच्या मागील नेमखुणेचे काम येथे हा कोपरा करतो. खाचेपासून धनुष्यावरील टेकूपर्यंत अंतर ७० सेंटीमीटर आहे असे समजा. बोटे एक सेंटीमीटर खाली टेकली, तर बाणाची दिशा ७० मागे १ या प्रमाणात वर वळते. १८ मीटरांवर याचा परिणाम सुमारे २५ सेंटीमीटर होतो! गालावरील एका बोटाच्या जाडीएवढी चूक बाणाला लक्ष्याबाहेर नेण्यास पुरेशी आहे. पहिल्या महिन्यात ‘आपला डोळा चांगला नाही’ असे म्हणून शिक्षण सोडणारे पुष्कळ असतात. दोष बहुधा डोळ्याचा नसून या ठिकाणाचा असतो.

वरील मापे धरून गणित केले, तर बाणाचे टोक लक्ष्याच्या मध्यावर दिसत असता बाण सुमारे ४० मीटरांवर नेमका लागेल. १८ मीटरांवर मात्र तो जवळजवळ एक मीटर वर जाईल. म्हणून त्या अंतरावर टोक तेवढे खाली धरावे लागते. प्रत्येकाचा चेहरा, हात आणि धनुष्य वेगळे असल्यामुळे ही मापे विद्यार्थ्याने स्वतः बाण सोडून वहीत टिपून ठेवावीत.

प्रारंभ कसा करावा? प्रौढाने २० ते २५ पौंड ओढीचे धनुष्य घ्यावे. मुलांना त्याहून हलके द्यावे. जड धनुष्याने खांदा दुखावतो आणि हात कापू लागल्याने बोटे ठरल्या जागी टेकत नाहीत. लक्ष्य ५ मीटरांवर ठेवून सुरुवात करावी. पाय खांद्याइतके दूर, शरीर लक्ष्याकडे आडवे, तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटे खाली, अशी स्थिती घ्यावी. पाठीच्या स्नायूंनी ओढावे, बोटे टेकवावीत, क्षणभर थांबावे आणि बोटे सैल सोडावीत. पहिले काही दिवस मध्यबिंदूचा विचार न करता तीन बाण एकमेकांजवळ लागतात की नाही, एवढेच पाहावे. बाणांचा पुंजका जमला की तो मध्यावर आणणे सोपे असते.

चेन्नईसारख्या शहरात हवेचाही विचार करावा लागतो. शिंग, स्नायू व सरसाने जोडलेली जुनी संयुक्त धनुष्ये दमट हवेत सैल पडत, कारण सरस ओलावा शोषून घेतो. आजची लाकूड व काचतंतूंची धनुष्ये त्या मानाने टिकाऊ आहेत. तथापि बंद मोटारीतील उष्णतेने त्यांचेही थर सुटू शकतात. पावसात बाणाची पिसे भिजून चिकटतात. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. जवळच्या लक्ष्यावर तो बाणापेक्षा धनुर्धराच्या हातालाच अधिक हलवितो. म्हणून सकाळची वेळ उत्तम.

काही नियम मात्र कधीही मोडू नयेत. लक्ष्यामागे भक्कम आडोसा असावा. मरीनासारख्या गर्दीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सराव करू नये. सर्वांनी एकाच रेषेवरून बाण सोडावेत आणि सर्वांचे बाण संपल्यावरच ते आणण्यास पुढे जावे. बाणाविना दोरी ओढून कधीही सोडू नये; बाणाला मिळावयाची शक्ती धनुष्यातच उलटते आणि ते तुटते. हाताला चामडी रक्षक बांधावा.

नेमदर्शक लावलेल्या धनुष्यात मापाची खूण धातूवर कोरलेली असते. येथे ती धनुर्धराला स्वतःच्या स्नायूंत व स्मरणात कोरावी लागते. हे काम सावकाश होते. परंतु एकदा झाले की बाण कोठे लागला यावरूनच आपल्या हातून काय घडले हे ओळखता येते. आणि ज्याला आपली चूक ओळखता येते, त्याला ती सुधारता येते.