नव्या धार्मिक चळवळींचा अभ्यास : परिभाषेचा प्रश्न

धर्माच्या समाजशास्त्रीय अभ्यासात परिभाषेचा प्रश्न प्रस्तावनेत उरकून टाकण्याजोगा नाही. ज्या नावाने आपण एखाद्या धर्मसमूहाचा निर्देश करतो, त्या नावातच पुष्कळदा त्याच्याविषयीचा निर्णय दडलेला असतो, आणि पुढे जमविलेली सामग्री त्या निर्णयाच्या चौकटीत बसविली जाते. अलीकडच्या काळात उदयास आलेल्या धर्मसमूहांच्या बाबतीत तर याचे परिणाम ग्रंथांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. माणसांच्या जीविताशी त्यांचा संबंध आलेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची दोन अंगे विचारात घ्यावयाची आहेत : एक, अभ्यासक वापरतो ते शब्द, आणि दुसरे, त्याच्या अभ्यासाचा विषय झालेला समूह स्वतः वापरतो ते शब्द.

१. अभ्यासकाचे शब्द

'चर्च' आणि 'सेक्ट' ही जोडी समाजशास्त्रात रूढ झाली ती माक्स वेबर आणि अर्न्स्ट ट्रोल्च यांच्या लेखनामुळे. वेबरच्या मते चर्चमध्ये मनुष्य जन्माने असतो, तर सेक्टमध्ये तो आपली पात्रता सिद्ध करून प्रवेश मिळवितो. ट्रोल्चने १९१२ च्या आपल्या ग्रंथात या भेदाला ख्रिस्ती इतिहासाचा विस्तृत आधार दिला. १९२९ मध्ये रिचर्ड नीबूरने असे दाखविले की, सेक्ट फार काळ सेक्ट राहत नाही. पहिल्या पिढीने स्वेच्छेने पत्करलेला मार्ग दुसऱ्या पिढीला वारशाने मिळतो, आणि मग त्या समूहाची धार हळूहळू बोथट होते. ब्रायन विल्सनने १९५९ मध्ये या विधानाला मर्यादा घातली : सर्वच सेक्ट अशा रीतीने बदलत नाहीत, भोवतालच्या जगाकडे त्या कोणत्या दृष्टीने पाहतात यावर ते अवलंबून असते.

या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. हे शब्द समूहाच्या अंगभूत गुणांची नावे नसून, समूह आणि भोवतालचा समाज यांच्यामधील संबंधाची नावे आहेत. म्हणूनच त्यांचे मराठीकरण करताना अडचण उत्पन्न होते. 'सेक्ट' या शब्दासाठी आपण सर्रास 'पंथ' किंवा 'संप्रदाय' असे लिहितो. परंतु पंथ म्हणजे वाट, आणि संप्रदाय म्हणजे गुरूने शिष्याच्या हाती दिलेला वारसा. वारकरी संप्रदाय म्हणताना कोणाच्याही मनात समाजापासून फुटून निघाल्याची कल्पना येत नाही. लॅटिन 'सेक्टा' या शब्दाचाही मूळ अर्थ अनुसरणाचाच आहे. त्याचा 'कापणे' या धातूशी लावला जाणारा संबंध मागाहून जोडलेला आहे. 'कल्ट' या शब्दाच्या मुळाशी तर मशागत आणि उपासना हेच अर्थ आहेत. तात्पर्य, या शब्दांना आलेला निंदाव्यंजक अर्थ व्युत्पत्तीतून आलेला नाही. तो व्यवहारातून आलेला आहे. उलटपक्षी, आपल्या 'पंथ' या शब्दात ताणाचा अर्थ नसला, तरी प्रत्यक्षात तसा ताण असू शकतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत जतन केले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९७० नंतरच्या दशकात 'कल्ट' हा शब्द वृत्तपत्रांत आरोपासारखा वापरला जाऊ लागला, तेव्हा समाजशास्त्रज्ञांनी त्याच्या जागी 'नवी धार्मिक चळवळ' ही संज्ञा स्वीकारली. याच सुमारास 'मेंदूची धुलाई' हा दुसरा शब्दही प्रचारात होता. तो १९५० मध्ये एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने चिनी शब्दावरून रूढ केला होता. तरुण मुले एखाद्या चळवळीत गेली, की त्यांची धुलाई झाली आहे असे समजून त्यांना बळाने परत आणण्याचे प्रकार अमेरिकेत घडले. शब्दाने दिलेले स्पष्टीकरण तपासून पाहिले ते आयलीन बार्कर यांनी. कोरियात १९५४ मध्ये स्थापन झालेल्या युनिफिकेशन चर्चचा त्यांनी ब्रिटनमध्ये अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की, चळवळीच्या निवासी शिबिरांना आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक सदस्य झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांतील बहुतेक दोन वर्षांच्या आत बाहेर पडले. ज्या तंत्रापुढे व्यक्तीची इच्छाशक्ती टिकत नाही असे म्हणावयाचे, ते दहातील नऊ जणांवर निष्फळ ठरत असेल, तर स्पष्टीकरण अन्यत्र शोधणे भाग आहे.

२. 'नव' या पदाचा भार

मात्र नवी संज्ञाही निरपवाद नाही. 'नवी' म्हणजे कोणाच्या दृष्टीने आणि कशाच्या तुलनेत नवी? हा प्रश्न महाराष्ट्रात किती जिव्हाळ्याचा आहे, हे 'नवबौद्ध' या शब्दावरून दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 'नवयान' या शब्दाचा उपयोग त्यांनी स्वतःच केला होता, आणि त्यात जुन्या यानांचे वाद बाजूला सारण्याचा अभिप्राय होता. शासकीय योजनांतील 'नवबौद्ध' हा शब्द मात्र वेगळे कार्य करतो. तो धर्मांतरापूर्वीच्या जातीकडे बोट दाखवितो. सवलतींसाठी हा निर्देश उपयोगी ठरतो. परंतु जी ओळख टाकून देण्यासाठी धर्मांतर केले, तीच नावातून परत येते, म्हणून अनेक बौद्धांचा त्याला आक्षेप आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्धांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रातील होते, आणि ही नोंद 'बौद्ध' अशीच आहे. एकच 'नव' हे पद एके ठिकाणी प्रतिज्ञा होते आणि दुसऱ्या ठिकाणी शिक्का होते. ते कोण उच्चारतो यावर त्याचा अर्थ ठरतो.

३. समूहाचे शब्द

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. १९९३ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात वेको गावाजवळ ब्रँच डेव्हिडियन नावाच्या समूहाच्या वसतीवर शस्त्रास्त्रांच्या संशयावरून छापा घालण्यात आला. २८ फेब्रुवारीच्या त्या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली, आणि नंतर ५१ दिवस वेढा पडला. समूहाचा नेता डेव्हिड कोरेश हा वाटाघाटींत बायबलातील 'प्रकटीकरण' या ग्रंथातील सात शिक्क्यांविषयी तासन् तास बोले. अधिकाऱ्यांच्या लेखी ती निरर्थक बडबड होती. जेम्स टेबर आणि फिलिप आर्नल्ड या दोन धर्माभ्यासकांनी मात्र ती भाषा समजून घेऊन, तिच्याच आधारे त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. १४ एप्रिलला कोरेशने कळविले की, सात शिक्क्यांवरील विवरण लिहून होताच आपण बाहेर येऊ. १९ एप्रिलला वसतीत अश्रुधूर सोडण्यात आला. त्यानंतर लागलेल्या आगीत ७० हून अधिक माणसे मरण पावली, आणि त्यांत लहान मुलेही होती. आग आतूनच लावली गेली, असा अधिकृत चौकशीचा निष्कर्ष आहे. कोरेशचे वचन प्रामाणिक होते की ते कालहरण होते, याविषयी मतभेद आहेत. परंतु पहिल्या शिक्क्यावरील त्याचे विवरण आगीतून वाचलेल्या एका स्त्रीने बाहेर आणले, तेव्हा लेखनाला सुरुवात झाली होती एवढे निश्चित झाले.

या उदाहरणावरून, समूहाची भाषा सहानुभूतीने ऐकली की झाले, असा निष्कर्ष कोणी काढील, तर जपानमधील ओम् शिनरिक्यो या समूहाचे उदाहरण त्याला अडवील. १९८९ मध्ये या समूहाला धार्मिक संस्था म्हणून कायदेशीर मान्यता मिळाली. २० मार्च १९९५ रोजी त्याच्या सदस्यांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. त्यात १२ हून अधिक लोक दगावले आणि हजारो बाधित झाले. या समूहाच्या बोलीत 'पोआ' असा एक शब्द होता. मूळ तिबेटी शब्दाचा अर्थ, मृत्युसमयी जाणिवेचे उच्च पातळीवर संक्रमण, असा आहे. समूहात मात्र हा शब्द हळूहळू सकर्मक झाला : एखाद्याला 'पोआ करणे', म्हणजे त्याच्याच कल्याणासाठी त्याला ठार मारणे. येथे शब्द प्राचीन आणि आदरणीय होता. बदलला होता त्याचा प्रयोग. कोशातील अर्थावर विसंबणाऱ्याला तो बदल दिसला नसता. कर्ता कोण, कर्म कोण आणि आज्ञा कोण देतो, हे पाहणाऱ्यालाच तो दिसला असता.

४. निष्कर्ष

वेको येथे समूहाचे शब्द निरर्थक मानले गेले. ओम्‌च्या बाबतीत केवळ त्यांच्या जुन्या अर्थावर विसंबणे तितकेच घातक ठरले असते. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे शब्दाच्या प्रत्यक्ष वापराकडे दुर्लक्ष. म्हणून अशा समूहांचा मराठीत अभ्यास करू इच्छिणाऱ्याने तीन पथ्ये पाळणे इष्ट होईल. समूहाला लावलेल्या प्रत्येक नावाबरोबर, ते कोणी दिले आणि समूह स्वतःला काय म्हणवितो, हे नोंदवावे. 'सेक्ट'च्या जागी 'पंथ' लिहून थांबू नये. प्रवेश कसा मिळतो, बाहेर कसे पडता येते आणि भोवतालच्या समाजाशी ताण कोठे आहे, हे स्वतंत्रपणे सांगावे. आणि समूहाच्या विशेष शब्दांची सूची करताना अर्थाबरोबर प्रयोगही टिपावेत, तेही वेगवेगळ्या वर्षांचे. तटस्थता म्हणजे मूल्यनिर्णयाचा कायमचा त्याग नव्हे. निर्णय पुराव्याच्या आधी न देता पुराव्यानंतर देणे, एवढाच तिचा अर्थ आहे.