खुळखुळा वाजला की थांबा

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातही जुलै ते सप्टेंबर पावसाळा असतो आणि तिथले लोक त्याला ‘मान्सून’च म्हणतात. टूसॉनभोवतीच्या सोनोरन वाळवंटात साप-सरडे बघायला निघायचे ते याच दिवसांत, अंधार पडल्यावर. दिवसभर तापलेल्या डांबरी रस्त्यावर ऊब टिकून असते आणि तिच्या ओढीने साप रस्त्यावर येतात.

अशाच एका रात्री रस्त्याच्या कडेने पाली शोधत असताना झुडपातून आवाज आला. तापल्या तेलात ओली भाजी पडावी तशी चर्रर्र, पण न थांबणारी. पाय जागीच थिजले. विजेरी वळवली, तर सात-आठ पावलांवर वेस्टर्न डायमंडबॅक जातीचा रॅटलस्नेक वेटोळे घालून बसलेला. मान मागे ओढलेली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी ताठ उभी आणि तिचे टोक नुसते धूसर दिसत होते.

शेपटीच्या टोकाच्या या खुळखुळ्यात खडे किंवा दाणे नसतात. आपली नखे ज्या केराटिनची बनतात, त्याचेच पोकळ कप्पे एकमेकांत सैल अडकलेले असतात. शेपटीचे स्नायू ते सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा हलवतात. प्रत्येक वेळी कात टाकली की एक कप्पा वाढतो. कप्पे मोजून सापाचे वय सांगतात ते मात्र खोटे, कारण कात वर्षातून अनेकदा पडते आणि टोकाचे कप्पे तुटतातही. नवजात पिल्लाला एकच कप्पा असतो, म्हणून ते खुळखुळा वाजवू शकत नाही. विष मात्र असते.

मला सर्वांत थक्क केले ते ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या चमूने 2021 साली मांडलेल्या निष्कर्षाने. कोणी जवळ येऊ लागले की सापाचा खुळखुळा हळूहळू वेग घेतो आणि मग एकदम उसळी मारतो. त्या उसळीमुळे ऐकणाऱ्याला साप आहे त्यापेक्षा जवळ वाटतो आणि तो वेळीच थांबतो. दोघांचाही जीव वाचतो.

अंधार आपल्यासाठी. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्यांनी रॅटलस्नेकला आपल्या अंगाची उष्णता जाणवत असते. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्यालाही असेच खळगे आहेत. आणि कोकणातले फुरसे खुळखुळा नसतानाही अंगाचे खवले एकमेकांवर घासून असाच इशारा देते.

मी चार पावले मागे सरलो. आवाज मंदावला, मग थांबला. असा आवाज कुठेही कानी आला तर धावू नका, काठी शोधू नका. जागीच थांबा, उजेड टाकून साप कुठे आहे ते बघा आणि आल्या वाटेने मागे फिरा.