बलून उतरला, टाच मोडली, पुढे काय?

गरम हवेच्या बलूनचा अपघात म्हटला की डोळ्यांपुढे आग येते. २०१३ साली इजिप्तमधल्या लक्झरला बलून पेटला, २१ पैकी १९ जण गेले. २०१६ मध्ये टेक्ससमध्ये बलून विजेच्या तारांना भिडला, १६ जणांपैकी एकही वाचला नाही. पण जे वाचून दवाखान्यात पोचतात, त्यांची दुखापत बहुधा घोट्याची, टाचेची, नडगीची किंवा कमरेच्या मणक्याची असते.

कारण उतरण्यात आहे. बलूनला ना ब्रेक, ना सुकाणू. आतली हवा तापवली की वर, निवली की खाली. दिशा वारा ठरवणार. उद्योगपती विजयपत सिंघानिया २००५ साली मुंबईहून जवळजवळ ६९ हजार फुटांवर जाऊन सिन्नरकडे पांचाळे इथे उतरले, तो विक्रम उंचीचा. हाडं मोडतात ती शेवटच्या काही फुटांत. वारा असेल तर वेताची टोपली आपटते, कलंडते, फरफटत जाते. म्हणूनच गुडघे वाकवून, आतला दोर धरून राहायला सांगतात. गुडघे ताठ ठेवले तर धक्का टाचेतून थेट कमरेपर्यंत चढतो. टाच मोडलेल्या साधारण दहापैकी एकाचा मणकाही दुखावलेला असतो. टाचेच्या कळांपुढे तो लक्षातच येत नाही. परांचीवरून पडलेल्या गवंड्याचंही हेच होतं, त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांना हे नवं नाही.

पाठ दुखत असेल तर जखमीला उठवून बसवू नका, १०८ ला फोन करा. बलूनच्या बर्नरने भाजलं असेल तर २० मिनिटं वाहतं साधं पाणी, टूथपेस्ट नको. विजेचा धक्का बसला असेल तर कातडीवर फारसं दिसत नसलं तरी ईसीजी हवाच.

टाचेचं ऑपरेशन लगेच का करत नाहीत, हे नातेवाइकांना कळत नाही. सूज असताना चिरलं तर जखम भरत नाही, चिघळते. म्हणून पाय प्लास्टरच्या स्लॅबमध्ये, उशांवर उंच. डॉक्टर रोज टाचेच्या बाजूची कातडी बघतात. ताणलेल्या चकचकीत कातडीवर सुरकुत्या दिसल्या की सूज उतरली. याला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. हा उशीर हलगर्जीपणा नव्हे.

ऑपरेशननंतर टाके काढणं, पुन्हा एक्स-रे, आणि सहा ते बारा आठवडे पायावर वजन नाही. मणक्याला पट्टा असेल तर काही आठवड्यांनी उभं करून एक्स-रे काढतात, मणका आणखी दबला का ते कळायला. लोक चुकवतात ती नेमकी हीच तपासणी, कारण तोवर दुखणं कमी झालेलं असतं. फिजिओथेरपी टाळली तर घोट्याखालचा सांधा आखडतो आणि खडबडीत रस्त्यावर चालणं कायमचं अवघड होतं.

भोर, सातारा भागातून पुण्याला तपासणीला येणारे बरेच जण एसटीने स्वारगेटला उतरतात. बसमध्ये पाय तासन्‌तास लोंबकळला की सुजतो. शक्य असेल तर समोरच्या बॅगेवर टेकवा. ससून रुग्णालयात जायचं तर स्वारगेट मेट्रोला लिफ्ट आहे. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून पुणे स्टेशनला उतरायचं. कुबड्या असतील तर सरकता जिना टाळा. सोबत माणूस हवाच.

प्लास्टरच्या आत असह्य कळा, बोटं बधिर किंवा निळसर, पोटरी सुजून धाप लागणं, लघवी अडणं किंवा जांघेत बधिरपणा, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिन्यानंतरही झोपेत दचकून जाग येत असेल, उंचावर जायची धडकी भरत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपचार आहेत. आणि निघताना डिस्चार्ज कार्ड, जुने एक्स-रे पिशवीत घ्या. जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय हाड सरकलं की नाही, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही.